पट्टा, तंग आणि जोतं

मंडळी, टेबलावर ही जी चामड्याची लांब वस्तू ठेवली आहे, ती मी गावच्या घराच्या माळ्यावरून आणली. येताना तिघांना दाखवली. एक म्हणाला पट्टा. दुसरा म्हणाला बेल्ट. तिसरे सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांनी ती हातात घेतली, टोकाचा फास चाचपला आणि म्हणाले, "अहो, हे जोतं." तिघांचंही खरं होतं, पण तिसऱ्या शब्दात एक अख्खा बैल उभा राहतो.

जोतं कुठे असतं ते सांगतो. जू बैलाच्या मानेवर येतं. मान सरकू नये म्हणून जुवात जो दांडा घालतात ती शिवळ. शिवळेला अडकवून बैलाच्या गळ्याखालून जातं ते जोतं. फार आवळलं तर बैल ओढायला लागला की गळा दाबला जातो. सैल राहिलं तर तो मान काढून घेतो. माझे आजोबा जोतं बांधलं की गळ्याखाली दोन बोटं घालून बघायचे. बोटं सहज शिरली की मगच औत हलायचं. 'जोताला धरणं', म्हणजे कामाला जुंपणं, हा आपला शब्दप्रयोग याच कामातला.

बैलाच्या अंगावरच किती बांधण्या आहेत बघा. नाकातली वेसण, तोंडावरची म्होरकी, हाकणाऱ्याच्या हातातला कासरा, गोठ्यात बांधायचं दावं. मोटेवर गेलात तर मोट ओढणारा जाड तो नाडा आणि तिची सोंड सांभाळणारा बारीक दोर तो सोंदूर. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. कासरा सोडला म्हणजे बैलाला मोकळीक दिली. दावं सोडलं म्हणजे तो गोठ्याबाहेर निघाला.

घोड्याकडे वळलो की तंग येतो. खोगीर घसरू नये म्हणून पोटाखालून आवळायचा पट्टा तो तंग. शब्द फारसी, आणि मूळ अर्थही अरुंद, आवळलेलं असाच. तंग कपडे, तंग वातावरण हे त्याचेच भाऊबंद. घोडा मोठा हुशार प्राणी. तंग आवळताना पुष्कळदा पोट फुगवून ठेवतो. म्हणून जाणता स्वार त्याला चार पावलं चालवतो, मग तंग पुन्हा ओढतो आणि तेव्हाच रिकिबीत पाय घालतो.

आता पट्टा. संस्कृतातला पट्ट म्हणजे कापडाची पट्टी, डोक्याला बांधायचं वस्त्र, तसंच लिहायचा पत्रा किंवा फळी. मानाचा पट्ट जिच्या कपाळी आला ती पट्टराणी. जमिनीच्या हक्काचा लेख तोही पट्टाच. पट्टी ही त्याची धाकटी बहीण: जखमेवर बसते, वहीवर रेघ मारते, पेटीत सूर देते, घरपट्टी होऊन दारातही येते.

जमिनीच्या पट्ट्यापाशी मात्र थांबायला हवं. 2006 साली वनहक्क कायदा झाला. 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी आणि आदिवासी पायी चालत आले. कसत असलेली वनजमीन नावावर करा, ही त्यांची एक मोठी मागणी होती. त्या रस्त्यावर फोड आलेल्या पायांनी चालणाऱ्या माणसाला पट्टा म्हणजे काय असं विचारलं असतं, तर त्यानं कमरेकडे नक्कीच बोट दाखवलं नसतं.

दांडपट्ट्याला 2024 मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला. लांब, लवचीक, सरळ पातं, आणि मूठ झाकणारा, कोपरापर्यंत येणारा लोखंडी हात. पाती पट्टीसारखी म्हणून त्याला पट्टा म्हणत असावेत असं मला वाटतं. पण नीट पाहिलं तर त्या लोखंडी हातालाही आतून एक पट्टी असते. ती मनगटाच्या वर हात धरून ठेवते, म्हणून हात आणि शस्त्र एकच होतं.

इंग्रजी अमदानीत कचेरीतल्या शिपायाला आपण पट्टेवाला म्हणू लागलो, कारण त्याच्या अंगावर पितळी बिल्ल्याचा पट्टा असे. हिंदीनं त्याच बिल्ल्याला, म्हणजे चपरास या शब्दाला धरून चपरासी केलं. आपण पट्टा पाहिला, त्यांनी बिल्ला. पुढे सैनिक पायाला गुंडाळत त्या कापडाला इंग्रजांनी हिंदीतली 'पट्टी' उचलून 'पटी' (puttee) हे नाव दिलं.

माझ्या लहानपणी पट्टा सगळ्यात जास्त ऐकू यायचा तो गिरणीत. इंजिनाच्या चाकावरून जात्याच्या चाकापर्यंत फिरणारा रुंद पट्टा, आणि त्याचा सांधा चाकावरून गेला की दर फेरीला येणारा 'टक्' आवाज. तो घसरायला लागला की गिरणीवाला राळेचा खडा घेऊन फिरत्या पट्ट्याला लावायचा. दळणाचा डबा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका त्या आवाजावरून सांगायच्या, "पट्टा ढिला झालाय, आज पीठ जाड येणार." कान इतका तयार असायचा.

मला काळजी वाटते ती याची. बैल गेला, मोट गेली, तर जोतं आणि सोंदूर जाणार, याला इलाज नाही. पण घोड्यावर आजही माथेरानला माणसं बसतात, कोल्हापुरी चप्पल आजही शिवली जाते आणि 2019 पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. तरी तंग आणि चप्पल शिवायची चामड्याची वादी यांच्या जागी आपण सरसकट 'बेल्ट' म्हणतो. वस्तू हातात आहे आणि शब्द मात्र आपणच खाली ठेवतोय.

गेल्या महिन्यात माझ्या चपलेचा पट्टा उसवला. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या कारागिरानं चप्पल उलटी केली, अंगठ्यानं तळ दाबला आणि विचारलं, "गुरुजी, खिळा मारू की वादी घालू?" मी म्हटलं वादी. मग चामड्याची बारीक पट्टी पाण्यात भिजवून, आरीनं भोक पाडून, ती एकेक टाका ओढत बसला. हा पाहा तो पायातला पट्टा, आणि ही वादी.