पाठकोऱ्या कागदाची वही

(दृश्य: खिडकीजवळचं टेबल. कागदांचा गठ्ठा, सुई, दोरा, टोचा. दोन हात येतात.)

हे आठ कागद. एका बाजूला काही ना काही छापलेलं आहे: जुनी पत्रं, रद्द झालेले अर्ज, चुकून दोनदा निघालेल्या प्रती. दुसरी बाजू कोरी. अशा कागदाला आपल्या भाषेत किती नेमका शब्द आहे, पाठकोरा. कागदाचं काम अजून संपलेलं नाही, हे त्या शब्दातच सांगून ठेवलंय.

पुढच्या अर्ध्या तासात या आठ कागदांची एक वही होणार आहे. तिला तीन भोकं आणि दीड हात दोरा पुरतो. एवढ्याशा कामात माणसाला इतकं बरं का वाटतं, हे मला गेली कित्येक वर्षं जवळून बघायचं होतं. म्हणून आज कॅमेरा या टेबलावर लावलाय.

(दृश्य: कागद हलकेच वाकवणारी बोटं, आधी एका दिशेने, मग दुसऱ्या.)

आधी कागदाची ओळख करून घेऊ. कागद घ्या आणि घडी न पाडता नुसता वाकवून बघा, एकदा उभा, एकदा आडवा. एका दिशेने तो मुकाट्याने ऐकतो. दुसऱ्या दिशेने अडून बसतो. कारखान्यात कागदाचा लगदा पुढे धावणाऱ्या जाळीवर पसरतो, तेव्हा त्यातले बरेचसे तंतू जाळीच्या धावण्याच्या दिशेला तोंड करून बसतात. त्या दिशेने कागद सहज वाकतो, फाडला तर सरळ फाटतो. त्याला आडवं गेलं की तंतू मोडावे लागतात.

आपल्या रोजच्या ए-४ कागदात हे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात. वहीची घडी मात्र आपण रुंदीच्या दिशेने घालतो, म्हणजे बरोबर त्यांना आडवी. म्हणूनच अशी वही कधी पुरती मिटत नाही, तोंड जरासं उघडं ठेवून बसते. मी आधी या वह्यांवर जाडजूड पुस्तकं रचून त्यांना दामटायची. कारण कळलं तेव्हापासून ते किंचित उघडं तोंड मला आवडायला लागलं.

(दृश्य: घडी. नख घडीवरून सावकाश फिरतं. मग चमच्याची पाठ.)

एकेक कागद वेगळा दुमडायचा. कोरी बाजू आत. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा, आणि मगच मधोमध दाबायचं. नखाने चालतं, पण चमच्याच्या पाठीने घडी जास्त धारदार बसते. हा आवाज ऐका.

(दोन क्षण शांतता. फक्त कागदावरून फिरणाऱ्या चमच्याचा आवाज.)

आणि दुमडल्यावर कागदाचा आकार बघा. अर्धा झाला, पण ठेवण तीच राहिली. पुन्हा दुमडा, तरी तीच. २१० गुणिले २९७ मिलिमीटर ही मापं त्यासाठीच आहेत. लांबी रुंदीच्या सुमारे १.४१४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाएवढी असली, तरच अर्धं केल्यावर प्रमाण बदलत नाही. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग लिश्टेनबर्ग यांनी १७८६ साली एका पत्रात या प्रमाणाबद्दल लिहिलं होतं. त्यावर बेतलेलं कागदाच्या मापांचं जर्मन मानक १९२२ साली आलं. आपण रोज हाताळतो त्या साध्या कागदात एवढा विचार दुमडून ठेवलेला आहे, आणि तो हाताने दुमडल्यावरच दिसतो.

आता आठही कागद एकात एक घालायचे. आतले कागद बाहेरच्या कडेने थोडे पुढे डोकावतात, कारण प्रत्येक बाहेरच्या कागदाला आतल्यांच्या जाडीला वळसा घालून यावं लागतं. काही जण ही कड कापून एकसारखी करतात. मी तशीच ठेवते.

सोळा पानं झाली, बत्तीस पृष्ठं. त्यातली सोळा कोरी. कोरी बाजू आत ठेवून घडी घातली होती, त्यामुळे आता एक गंमत झाली आहे: वहीच्या पहिल्या अर्ध्यात प्रत्येक वेळी डावं पान कोरं मिळतं, दुसऱ्या अर्ध्यात उजवं. आणि बरोब्बर मध्यभागी, जिथे दोरा दिसणार आहे तिथे, दोन्ही. ही दोन पानं मी नेहमी सगळ्यात शेवटी लिहायला घेते.

(दृश्य: वही बाजूला सरकते. जवळून: एका मोज्याला पडलेलं भोक.)

दोरा ओवण्याआधी जरा थांबू या. हाताने काही करताना बरं वाटतं, हे ज्यांनी केलंय त्यांना कुणी सांगावं लागत नाही. तरी अभ्यासकांनी ते मोजून बघितलंय. २०१३ साली एका ब्रिटिश संशोधनपत्रिकेत विणकाम करणाऱ्यांची पाहणी छापून आली. ३,५४५ जणांनी उत्तरं दिली होती. जे जास्त वेळा विणायला बसत, त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचं जास्त सांगितलं. अर्थात, मुळात शांत माणसं जास्त विणत असतील असंही असू शकतं, पाहणीतून तेवढं उलगडत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ जणांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं आणि चिकटकामाचे कागद देऊन बसवलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. ताण आला की शरीरात वाढतो तो हा स्राव. सुमारे तीन चतुर्थांश जणांमध्ये तो उतरलेला निघाला. प्रयोग लहानच होता. पण त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: आधी कलेत हात बसलेला असण्या-नसण्याने फरक पडला नाही.

म्हणजे वाकडी घडी घालणाऱ्यालाही तेवढंच मिळतं.

(दृश्य: मोजा एका गुळगुळीत वाटोळ्या वस्तूवर ताणलेला. सुई आत-बाहेर.)

हा मोजा बघा. टाचेपाशी विरलाय. आधी भोकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उभे धागे टाकायचे, शेजारीशेजारी, फार न ताणता. मग आडवा धागा घ्यायचा आणि एकाच्या वरून, पुढच्याच्या खालून न्यायचा. परतताना उलट. भोकाच्या जागी कापडाचा इवलासा तुकडा उगवायला लागतो. मागावर कापड होतं ते याच रीतीने, ताणा आणि बाणा. रफू करणाऱ्याच्या हातात सुईएवढा माग असतो.

या वेळी डोक्यात दुसरं काही राहत नाही. वरून, खालून, वरून, खालून. एक धागा चुकला तर पुढची अख्खी ओळ चुकते, म्हणून लक्ष द्यावंच लागतं. पण काम इतकं अवघडही नाही की जीव दडपावा. मिहाय चिक्सेंटमिहायी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अशा तंद्रीचा जन्मभर अभ्यास केला. सुरुवातीच्या काळात चित्रकलेचे विद्यार्थी त्यांनी जवळून पाहिले. चित्र चालू असताना त्या मुलांना तहानभुकेचं भान नसे, आणि चित्र पुरं झालं की ते बाजूला ठेवून ती नव्याकडे वळत. त्यांना ओढ होती ती रंगवण्याची.

हे मला पटतं, पण पुरतं पटत नाही.

(दृश्य: कपाटाच्या तळाशी एक पिशवी. पिशवीतून बाहेर आलेलं लोकरीचं टोक.)

कारण माझ्या कपाटात चार वर्षं एक पिशवी होती. एका मोठ्या पलंगासाठी लोकरीची चादर विणायला घेतली होती. विणताना आनंद होता, खरंच होता. पण चादर एक तृतीयांश झाली आणि थांबली. आज करू, उद्या करू. मग ती पिशवी दिसली तरी मन खट्टू व्हायचं. पुढे पुढे मी कपाटाचं ते दारच उघडेनाशी झाले. हाताने करण्यातल्या आनंदाबद्दल बोलताना या पिशव्यांबद्दल कुणी बोलत नाही. मला वाटतं, पुष्कळ घरांत त्या असतील.

मायकल नॉर्टन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१२ साली छापलेल्या प्रयोगांत याचा धागा सापडतो. त्यांनी नवख्या लोकांना कागदाचे बेडूक आणि क्रौंच पक्षी करायला लावले. इतरांच्या डोळ्यांना ते बेढब दिसले. करणाऱ्यांनी मात्र आपल्या बेडकाला जवळजवळ तज्ज्ञाने केलेल्या बेडकाएवढं मोल दिलं. पण दुसऱ्या एका प्रयोगात काहींना वस्तू अर्धी जोडून थांबायला सांगितलं. त्या अर्ध्या वस्तूवर तो जीव जडला नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं: लहान काम घ्या. एका बैठकीत, फार तर दोन बैठकींत पुरं होईल एवढंच. दिवसभर आपण जी कामं करतो त्यातली बहुतेक संपतच नाहीत. भांडी पुन्हा पडतात, निरोप पुन्हा येतात, हिशेब पुढच्या महिन्यात पुन्हा उभा राहतो. अशा दिवसात एक गोष्ट संध्याकाळपर्यंत झाली, पुरी झाली, हातात धरून बघता आली, तर जेवायला बसताना माणूस वेगळा असतो. मी हे घरात पाहिलंय. माझ्यात पाहिलंय.

(दृश्य: चादर उसवली जातेय. कुरळी लोकर टेबलावर ढीग होऊन पडते.)

ती चादर मी उसवली. उसवलेली लोकर कुरळी असते, इतकी वर्षं ज्या टाक्यांत बसली होती त्यांचा आकार धरून राहते. तिची सैल लड करायची, कोमट पाण्यात भिजवायची, हलकेच पिळून टांगायची. वाळेपर्यंत कुरळेपणा बराच उतरतो. त्या लोकरीतून ग्लासाखाली ठेवायच्या चौकोनी चकत्या झाल्या. एका संध्याकाळी एक. सतरा झाल्या, त्यातल्या घरात पाच उरल्यात, बाकीच्या माणसांकडे गेल्या.

(दृश्य: पुन्हा वही. टोचा घडीवर टेकलेला.)

चला, वही राहिली आहे. वरून जाड कागदाचं वेष्टन घातलं. घडीत तीन भोकं: एक मधोमध, एक वर, एक खाली, सारख्या अंतरावर. टोचा नसला तर जाड सुई चालते, फक्त खाली पुठ्ठा ठेवा.

दोरा मेणावरून एकदा ओढून घेतला की गुंता कमी होतो. नेढ्यात ओवला. आता वहीच्या आतून, मधल्या भोकातून सुई बाहेर. शेपूट आत राहू द्या, चार बोटं तरी. बाहेरून वरच्या भोकात, आत. आतून थेट खालच्या भोकाकडे, मधलं वगळून, बाहेर. आणि बाहेरून पुन्हा मधल्या भोकात, आत.

(दृश्य: अगदी जवळून. दोऱ्याची दोन टोकं, मधून गेलेला लांब टाका.)

इथे जरा जपून. दोऱ्याची दोन्ही टोकं आता आत आहेत. मधून जो लांब टाका गेलाय, त्याच्या एका बाजूला एक टोक हवं आणि दुसऱ्या बाजूला दुसरं. मग घडीच्याच दिशेने दोरा ओढायचा, वर आणि खाली. स्वतःकडे ओढलात तर कागद भोकापाशी फाटतो. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. निरगाठ. लांब टाका गाठीत धरला गेला. टोकं अर्धा इंच ठेवून कापली.

(दृश्य: वही टेबलावर. हात बाजूला झालेत. वेष्टन हळूहळू वर उचलतं आणि थांबतं.)

झाली.

बघा, तोंड उघडंच आहे.

(दृश्य: दुसऱ्या दिवशीचा उजेड. पहिलं पान उलटलं जातं. डावं पान कोरं, उजव्यावर जुन्या अर्जाच्या छापील ओळी. पेन डाव्या पानावर येतं.)

पहिल्या पानावर तारीख, आणि खाली एकच ओळ: 'दोरा संपत आलाय, आणायचा.'

(पेन खाली ठेवलं जातं. टेबलाच्या कडेला आणखी आठ कागद मोजून ठेवलेले दिसतात. अंधार.)