राखलेले रान

एखाद्या गावाने आपले रान राखले आहे असे कळले, की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: झाडे किती लावली? आमच्या गावाबाहेरच्या टेकडीवर आम्ही पंधरा-वीस जण अकरा वर्षे काम करीत आहोत आणि पहिली तीन वर्षे आम्हीही हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगत होतो. आज मात्र मला राखणीविषयी बोलायचे आहे. कारण रान उभे राहते ते लावण्याने थोडे आणि राखण्याने फार, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले बारीपाडा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. जेमतेम शंभर घरांचा हा आदिवासी पाडा. भोवतालचे डोंगर उघडे पडलेले होते आणि बायकांना पाण्यासाठी पायपीट करावी लागत होती. एम.कॉम.पर्यंत शिकलेले चैत्राम पवार नोकरीच्या मागे न जाता गावातच राहिले आणि 1990 नंतरच्या दशकात, वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांच्या साथीने, गावाने सुमारे अकराशे एकर जंगल राखायला घेतले. पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांचे छायाचित्र सगळ्यांनी पाहिले. परंतु मला त्या कामातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो गावाने बसून ठरवलेल्या नियमांचा. कुऱ्हाडबंदी, चराईवर बंधन, तोडणाऱ्याला दंड आणि खबर देणाऱ्याला बक्षीस, असे ते नियम होते. पाणी अडवण्यासाठी बांध घातले गेले, श्रमदानही झाले. पण डोंगर हिरवा झाला तो मुख्यतः गावाने स्वतःचाच हात आवरल्यामुळे, असे मी मानतो.

यामागचे कारण जमिनीखाली आहे. तोडलेल्या सागाच्या, धावड्याच्या किंवा पळसाच्या खुंटाचे मूळ जुने आणि खोल गेलेले असते. पावसाळ्यात त्या खुंटाला जे धुमारे फुटतात, त्यांना पाणी घालणारा कोणी लागत नाही, कुंपणही लागत नाही. दोन-तीन पावसाळे ते शेळीच्या तोंडातून आणि कोयत्याच्या धारेतून वाचले, की माणसाच्या डोक्यावर जातात. रोपवाटिकेतून आणलेल्या वीतभर रोपाला हे बळ कुठून येणार? अर्थात जिथे खुंटही उरलेले नाहीत, तिथे लावल्यावाचून गत्यंतर नसते, हे मला मान्य आहे.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, वणव्याने शिकवले. चौथ्या वर्षीच्या मार्चमध्ये, भर दुपारी, खालच्या शेतात बांध पेटवला होता; वारा फिरला आणि ठिणगी आमच्या वाळलेल्या गवतात आली. आम्ही ओल्या डहाळ्या घेऊन धावलो, पण कंबरभर कुसळीच्या गवतापुढे डहाळ्यांचे काय चालणार! तासाभरात सातशे रोपे गेली. प्रत्येक आळ्यात कोळशाची एक काडी आणि शेजारी वितळून गोळा झालेली प्लॅस्टिकची पिशवी, असे दृश्य दुसऱ्या दिवशी होते. त्याच जुलैमध्ये, त्याच काळ्या उतारावर, ज्यांच्याकडे आम्ही कधी पाहिलेही नव्हते अशा पळसाच्या जुन्या खुंटांना तांबूस, लवदार तीन-तीन पाने फुटली. मोजली तर चारशेच्या वर ठिकाणी. वणवा सुसह्य असतो असा याचा अर्थ कुणी काढू नये. दरवर्षी जळणाऱ्या उतारावर खुंटही शेवटी दमतात आणि मग केवळ गवत उरते.

तेव्हापासून आमचे वर्ष पावसाळ्यातल्या वृक्षारोपणापासून नव्हे, तर दिवाळीनंतर सुरू होते. गवत पिवळे पडू लागले, की टेकडीच्या कडेने पाच-सहा मीटर रुंदीचा पट्टा कापतो आणि पुढे, वारा पडलेला असताना, वन विभागाला कळवून, तो पट्टा माणसांच्या पहाऱ्यात जाळून घेतो. यालाच जाळरेषा म्हणतात. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे छायाचित्र कुणी छापत नाही आणि ज्या वर्षी ते नीट होते त्या वर्षी दाखवायला काहीच नसते. वृक्षारोपणाला दोनशे माणसे येतात. जाळरेषेला नऊ आलो तरी आम्ही समाधान मानतो.

लावण्याच्या हौसेचा दुसरा धोका असा, की आपण माळाला ओसाड समजतो. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर एके काळी गिरिपुष्प भरपूर लावले गेले. ते झपाट्याने वाढते, म्हणून लोकांना आवडले. पण ते मुळात मध्य अमेरिकेकडचे झाड, आणि त्याच्या दाट सावलीखाली मूळचे गवत व झुडपे टिकत नाहीत. चंडोलासारखा पक्षी जमिनीवर, गवताच्या बेचक्यात घरटे करतो; त्याला आपण लावलेल्या सावलीचा काय उपयोग? आम्ही टेकडीचा माथा आता मोकळाच ठेवला आहे, त्यावर पाहुणे हमखास हळहळतात.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 साली झालेल्या दुरुस्तीने खासगी वा सामुदायिक जमिनीवर, मालकांच्या इच्छेने, सामुदायिक राखीव क्षेत्र घोषित करण्याची सोय झाली आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधींना स्थान मिळाले. वनजमिनीबाबत 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला राखण्याचा आणि व्यवस्थापनाचा हक्क दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सुमारे अठराशे हेक्टरांवर तो 2009 मध्ये मिळाला. पण नागालँडमधील खोनोमा गावाने 1998 मध्येच आपले अभयारण्य घोषित केले होते, आणि तेही जिथे शिकार ही पुरुषाची शान मानली जाई अशा समाजात. कायदा तिथे मागाहून आला.

आमच्यापुढचा खरा पेच निराळाच आहे. टेकडीचा निम्मा भाग गायरान आहे. चराईबंदीचा ठराव करणाऱ्यांत शिक्षक होते, बागायतदार होते, निवृत्त कारकून होते. शेळी मात्र आमच्यापैकी एकाच्याही दारात नव्हती. शेळ्या होत्या त्या भूमिहीन घरांच्या, आणि ग्रामसभेत त्यांच्यातली एक आजी उठून म्हणाली, ‘‘तुमचं रान वाढल, पन माझी करडं काय फोटू खातील?’’ त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. बारीपाड्यात बंधन घालणारे आणि सोसणारे एकच होते, शिवाय राखलेल्या जंगलातून त्यांच्या विहिरींना पाणी आले, चुलीला जळण मिळाले आणि पानात भाजी आली. तिथे भरणाऱ्या वनभाजी स्पर्धेकडे मी याच दृष्टीने पाहतो. शेवळाची भाजी नुसती शिजवली तर घसा खवखवतो, तिच्यात काकडाची आंबट फळे घालावी लागतात. असे ज्ञान ज्या बाईपाशी आहे, तिला रान कशासाठी राखायचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

आम्ही मग ठराव बदलला. टेकडीचे तीन तुकडे पाडले. दोन बंद, एक चराईला खुला, आणि तीन वर्षांनी पाळी बदलायची. बंद तुकड्यांतले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क शेळीवाल्या घरांचा, तोही विनामोबदला. त्या आजींचा नातू आता आमचा राखणदार आहे आणि त्याच्या मजुरीसाठी आम्ही घरटी वर्गणी काढतो. यंदा खुला तुकडा फारच खरवडला गेला आहे, त्यामुळे पाळी एक वर्ष आधी बदलावी असे त्याचे म्हणणे आहे. शेळीवाल्या घरांतल्या दोघांचा त्याला विरोध आहे. येत्या अमावास्येला देवळात बैठक आहे.