खेळ भेट द्या, पण पहिला डाव खेळूनच

मंडळी, नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरी वाढदिवसाला बरीच खेळणी आली. त्यातली बहुतेक कुठे गेली, काही आठवत नाही. आत्याने दिलेला ‘व्यापार’ मात्र लख्ख आठवतो. तिने खोका हातात ठेवला, पदर खोचला आणि सरळ फरशीवर बसली. मी नियमांचा कागद उघडला, तर म्हणाली, “कशाला वाचून राहिली? फासे टाक, समजते आपोआप.” नवतपा सुरू होता, पारा ४५ च्या वर. वाळ्याच्या ताट्यांतून कूलरचा ओला वास येत होता आणि पंख्याने नोटा उडू नयेत म्हणून आत्याने त्यांच्यावर अडकित्ता ठेवला होता. दुपारी दोनला बसलो ते दिवेलागणीला उठलो. त्या डावात मी कंगाल झाले. तरीही आयुष्यभर पुरेल अशी भेट त्या दिवशी मिळाली, असं मी मनापासून मानते.

आज मला एवढंच मागायचं आहे. कुणाला खेळ भेट द्याल, तेव्हा पहिला डाव त्याच्यासोबत बसून खेळा. कागदावरच्या नियमांनी खेळ घरात रुजत नाही.

‘व्यापार’ ज्याच्यावरून आला, त्या मोनोपॉलीचा जन्मच असा आहे. अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं. जमीन मूठभरांच्या हाती गेली की भाडेकरूंचं काय होतं, हे त्यांना लोकांना खेळातून दाखवायचं होतं. पुढे कित्येक वर्षं हा खेळ घरोघरी पसरला. लोक हाताने पट रंगवत, आपापल्या गावातल्या रस्त्यांची नावं घालत आणि शेजाऱ्यांना शिकवत. चार्ल्स डॅरोही तो असाच ओळखीच्यांच्या घरी शिकले. १९३५ मध्ये खेळ बनवणाऱ्या पार्कर ब्रदर्स कंपनीने तो ‘मोनोपॉली’ म्हणून डॅरोंच्या नावाने बाजारात आणला. म्हणजे छापील खोका नंतर आला. त्याआधीची तीस वर्षं माणसं तो एकमेकांना खेळूनच देत होती. मॅगीबाईंचं नाव मात्र मागे पडलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पत्त्यांचं तर विचारूच नका. पाच-तीन-दोन कुणी पुस्तकात वाचून शिकलंय? चारही रंगांची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची पानं, वर बदाम आणि इस्पिकची सत्ती, अशी ३० पानं तिघांत दहा-दहा वाटायची. हे कुणीतरी मांडीला मांडी लावून शिकवतं, तेव्हाच येतं.

आता उलटी गोष्ट सांगते. लग्नात यजमानांच्या सावंतवाडीच्या मावशींनी दशावतारी गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ दिला. गोल पानं, एकूण १२०. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. लाखेच्या लेपाने चकाकणारी ती पानं इतकी सुंदर, की आम्ही ती काचेच्या कपाटात ठेवली. अकरा वर्षं त्यांना हात लावला नाही. लग्नाच्या धांदलीत मावशींना बसायला वेळ मिळाला नव्हता, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. ती चूक आमचीच.

मग एका मे महिन्यात मावशी नागपूरला आल्या. कपाट पाहून त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, “अगो, हे देव बघायचे नाहीत, खेळायचे!” त्यांनी पानं उतरवली, तिघांना चाळीस-चाळीस वाटली. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, अर्ध्यांत एक्का मोठा. हुकूम नाही, त्यामुळे कोणती पानं पडून गेली ते डोक्यात ठेवावं लागतं. आणि मग त्यांनी सांगितलं, “दिवसा रामाचा राजा ज्याच्या हातात, तो उतारी करतो, म्हणजे पहिलं पान टाकतो. सूर्य मावळला की कृष्णाचा मान.”

माझ्या अंगावर काटा आला. खेळाला बाहेरचं ऊन कळतं, हे कपाटातल्या पानांनी अकरा वर्षांत सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या डावाला अंधारून आलं. रामाचा राजा माझ्याकडे होता, कृष्णाचा यजमानांकडे. ते म्हणाले, मावळला. मी म्हटलं, नाही. मावशींनी आमच्या मुलाला गच्चीवर पिटाळलं. तो वरूनच ओरडला, “अजून थोडा आहे!”

मी रामाचा राजा खाली ठेवला.