जो कमी मंदावतो, तो जिंकतो

स्प्रिंट, म्हणजे घोड्यांची आखूड पल्ल्याची शर्यत, बघताना डोळे फसवतात. आज सुरुवात तिथूनच करू या. १२०० मीटरच्या शर्यतीत शेवटच्या दोनशे मीटरला बाहेरच्या बाजूने एक घोडा येतो, तीन-चार घोड्यांना मागे टाकतो, आणि सगळे म्हणतात, काय वेग घेतला याने! मग सेक्शनल टायमिंग हातात येतं, म्हणजे प्रत्येक दोनशे मीटरला लागलेला वेळ. ते बघा. बहुतेक वेळा त्या घोड्याने वेग घेतलेलाच नसतो. गेटमधून सुटलेला घोडा पहिल्या काहीशे मीटरांतच आपल्या कमाल वेगाला पोचतो, ताशी साठ किलोमीटरच्या पुढे. तिथून पुढे जवळपास सगळेच मंदावत जातात. इतर जास्त मंदावले, हा कमी, इतकंच घडलेलं असतं.

हे एकदा मनात बसलं की टीप, म्हणजे कोणावर पैसे लावावेत याचा अंदाज, काढायची पद्धत बदलते. ‘सगळ्यांत वेगवान कोण?’ या प्रश्नापेक्षा ‘शेवटच्या फर्लांगला (सुमारे दोनशे मीटर) कोणाकडे काय उरलेलं असेल?’ हा प्रश्न मोठा होतो. आणि त्याचं उत्तर एकट्या घोड्यात सापडत नाही, शेजारी कोण धावतंय त्यावरही ते ठरतं.

म्हणून शनिवार-रविवारचं रेसकार्ड (शर्यतींची आणि घोड्यांची माहितीपत्रिका) हाती आलं की मी आधी कोण जिंकेल ते बघतच नाही. कोण पुढे जाईल ते बघतो. समजा दहा घोडे आहेत. प्रत्येकाच्या मागच्या चार-पाच शर्यती काढायच्या आणि नावापुढे खूण करायची: हा पुढे धावतो, हा पुढच्यांच्या मागोमाग बसतो, हा मधे असतो, हा मागून येतो. पुढे धावणारा एकच निघाला, तर तो गेटमधून सुटून पुढे जाईल, त्याला कोणी छेडणार नाही, आणि त्याचा जॉकी त्याला पहिल्या चारशे मीटरला थोडा श्वास घेऊ देईल. असा घोडा कागदावर दोन लेंग्थ (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) कमी वाटला तरी मला तो हवा असतो. पुढे धावणारे तीन-चार निघाले, तर ते एकमेकांना सोडणार नाहीत आणि शेवटी एकमेकांची शक्ती संपवतील. इथे बरेच जण लगेच सगळ्यांत मागून येणाऱ्याकडे वळतात. १००० मीटरला हे धोक्याचं आहे, कारण मागच्याला अंतर भरून काढायला जागाच उरत नाही आणि वाट मोकळी मिळेल याचीही खात्री नसते. भांडणाचा खरा फायदा बहुधा त्यांच्या पाठीमागे दीड-दोन लेंग्थवर शांत बसलेल्याला होतो. शर्यत १२०० किंवा १४०० ची असेल तर मग मागच्यांचाही विचार करा.

इंग्लंडमधल्या अस्कॉटची २०१२ ची डायमंड ज्युबिली स्टेक्स ही शर्यत आठवा. ऑस्ट्रेलियाची घोडी ब्लॅक कॅव्हियार तोवर एकदाही हरलेली नव्हती, आणि पुढेही हरली नाही: २५ शर्यती, २५ विजय. अस्कॉटच्या सरळ ट्रॅकचा शेवट चढाचा आहे. विजयरेषेच्या थोडं आधी जॉकी ल्यूक नोलन यांनी जोर सोडला आणि मागची घोडी मूनलाइट क्लाउड जवळजवळ पोचलीच. ब्लॅक कॅव्हियार फक्त एका हेडने, म्हणजे डोक्याएवढ्या अंतराने, वाचली. तिला त्या दिवशी स्नायूंची दुखापत झाल्याचं नंतर कळलं. इतकी थोर घोडीही शेवटच्या फर्लांगला मंदावतच असते, आणि तिथे आधीची पुण्याई कामाला येत नाही.

आता ड्रॉ, म्हणजे कोणाला गेटचा कुठला स्टॉल (कप्पा) मिळाला ते. इंग्लंडमधल्या चेस्टरला ट्रॅक जेमतेम मैलभराचा, सतत डावीकडे वळणारा. तिथे ५ फर्लांगच्या शर्यतीत आतला स्टॉल म्हणजे थेट अंतराची बचत. बाहेरच्या घोड्याला एक तर आत येण्यासाठी सुरुवातीलाच शक्ती घालवावी लागते, नाही तर वळणावर रुंद धावावं लागतं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे भावातही (बेटिंगच्या दरातही) उतरलेली असते. सरळ ट्रॅकवर मामला जास्त बारकाईचा आहे. तिथे घोडे दोन घोळक्यांत फुटतात, एक या रेलकडे (कडेच्या कठड्याकडे), एक त्या रेलकडे. नुसता ‘कुठला स्टॉल चांगला’ हा प्रश्न तिथे अपुरा पडतो. वेग लावणारे घोडे कुठल्या बाजूला आलेत ते पाहा. ज्या बाजूला खरा वेग, त्या बाजूच्या घोड्यांना ओढून नेणारं कोणीतरी असतं. दुसऱ्या बाजूचा चांगला घोडा एकटा पडतो.

ट्रॅकच्या ओलाव्याबद्दल एकच सांगतो. माती मऊ झाली की अंतर वाढल्यासारखं होतं. १००० मीटरच्या मऊ ट्रॅकवर १२०० मीटर झेपणारा घोडा शोधा. सरळ ट्रॅकवर समोरून वारा असेल तर पुढचा घोडा तो वारा कापतो आणि मागचे आडोशाला धावतात. वारा पाठीमागून असेल तर पुढच्याला पकडणं कठीण जातं. हवामान बघायला मिनिट लागतं, आणि ते न बघता टीप देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

वजनाविषयी गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. ब्रिटिश हँडिकॅपिंगच्या, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवून संधी समान करण्याच्या, रूढ हिशोबात ५ फर्लांगला एक लेंग्थ म्हणजे सुमारे ३ पाउंड, दीड किलोच्या जरा आत. लांब पल्ल्याला तीच लेंग्थ एखाद्या पाउंडावर येते. म्हणजे स्प्रिंटमध्ये वजन कमी बोचतं. पण स्प्रिंटचे निकाल नेक (मानेएवढं अंतर) आणि हेडवर लागतात, आणि एक लेंग्थ म्हणजे सेकंदाचा साधारण सहावा भाग. तेव्हा दोन घोडे खरोखर बरोबरीचे असतील तर वजन निकाल फिरवू शकतं. बरोबरीचे नसतील तर किलोभराच्या सवलतीने कमकुवत घोडा चांगला होत नाही.

मागचा फॉर्म वाचताना नंबरापेक्षा अंतर वाचा. १००० मीटरला सातवा आलेला घोडा कधी कधी फक्त दोन लेंग्थने हरलेला असतो. त्यात तो गेटला अडखळला असेल, भिंतीसारख्या उभ्या घोड्यांमागे अडकला असेल, किंवा चुकीच्या घोळक्यात गेला असेल, तर ती शर्यत खोडून टाका. मात्र दर वेळी गेटला उशिरा सुटणारा घोडा ‘दुर्दैवी’ नसतो. ती त्याची सवय असते, आणि या रविवारीही ती राहणार.

पल्ल्याची आवड बरीचशी रक्तातच असते. २०१० साली डब्लिनच्या संशोधकांनी मायोस्टॅटिन या जनुकाचा आणि शर्यतीच्या पल्ल्याचा संबंध दाखवला: एका प्रकारचे घोडे आखूड पल्ल्याला अनुकूल, दुसऱ्या प्रकारचे लांब, आणि दोन्हींचं मिश्रण असलेले मधले. रेसकार्डात जनुक छापत नाहीत, पण आई-बापाची आणि भावंडांची कामगिरी असते. पहिल्यांदाच १२०० वरून १००० ला किंवा उलट जाणाऱ्या घोड्यासाठी ती नक्की वाचा.

पॅडॉकला, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे, जाता आलं तर मी एवढंच बघतो की घोडा आपली शक्ती आधीच तर उधळत नाही ना. बताश या घोड्याचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. वेगात त्याच्या तोडीचे थोडेच होते, पण स्वभाव तापट. यॉर्कच्या ननथॉर्प स्टेक्समध्ये तो २०१७ ला चौथा, २०१८ लाही चौथा. २०१९ ला त्याच ट्रॅकवर, त्याच शर्यतीत त्याने ५५.९० सेकंदांची वेळ दिली आणि १९९० पासूनचा डेजूर या घोड्याचा विक्रम मोडला. म्हणून घोडा नुसता घामाने भिजलाय एवढ्यावर त्याला बाद करू नका. हा नेहमी असाच असतो, की आज जास्त आहे, ते माहीत असायला हवं.

शेवटी भाव. भावाशिवाय दिलेली टीप मी अर्धवट मानतो. ४-१ चा भाव (एका रुपयावर चार रुपये नफा) म्हणजे वीस टक्के शक्यता. तुमच्या अभ्यासात त्या घोड्याला पंचवीस टक्के संधी दिसत असेल तर ती टीप. पंधरा दिसत असेल तर तो जिंकला तरी ती टीप नव्हती. वीस घोड्यांच्या स्प्रिंटमध्ये वेगाचं चित्रच उभं राहत नसेल, तर ती शर्यत बघा, खेळू नका. खेळायचंच असेल तर गमावली तरी घरात जाणवणार नाही इतक्याच रकमेवर.

आणि शुक्रवारी रात्री मांडलेलं चित्र शनिवारी सकाळी पुन्हा तपासा. पुढे धावणाऱ्या दोन घोड्यांपैकी एकाने माघार घेतली असेल, तर तुमची जुनी टीप आता वेगळ्याच शर्यतीची आहे. दुसऱ्याला आता एकट्याने आघाडी मिळणार, मागे बसणाऱ्याचा फायदा गेला. त्या एका नावावर काट मारा, आणि उरलेल्या नऊ घोड्यांच्या खुणा पहिल्यापासून करा.