चंद्र आडवा आला तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

स्वयंपाकघरात मिक्सर लागला की रेडिओ खरखरतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मोटरीत ठिणग्या उडतात, त्यांतून रेडिओलहरी निघतात आणि आपल्या संचात शिरतात. आज इंदूर आकाशवाणीच्या मालवा हाउसमधून मी ज्या खरखरीबद्दल बोलणार आहे, ती सुमारे दोनशे कोटी वर्षं वाटेत होती. हो, दोनशे कोटी वर्षं. ती निघाली तेव्हा पृथ्वीवर माणूस तर नव्हताच, पण झाडं आणि मासेही नव्हते.

ही खरखर जिथून येते त्याचं नाव थ्री-सी २७३. केंब्रिजच्या खगोलशास्त्रज्ञांनी आकाशातल्या रेडिओस्रोतांची तिसरी यादी केली, तिच्यातला हा क्रमांक. राशी कन्या. आवाज दणदणीत होता, पण तो नेमका कुठून येतो हे कळत नव्हतं. त्या वेळच्या रेडिओ दुर्बिणींना दिशा ढोबळच कळायची. आळीत कुठेतरी लाउडस्पीकर वाजतोय, पण कोणाच्या गच्चीवर ते सांगता येत नाही, तसं.

साल १९६२. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्याकडे अष्टग्रही झाली. आठ ग्रह एका राशीत आले म्हणून देशभर यज्ञ झाले. आमच्या आजीने तांदळाचे डबे भरून ठेवले होते आणि आम्हा मुलांना रात्री अंगणात जाऊ देत नव्हती. मला आजही वाटतं, त्या रात्री मुलांना घरात कोंडण्याऐवजी गच्चीवर न्यायला हवं होतं. इंदुरात आता गच्च्या आहेत, पण रात्रभर दिवे जळतात. कोजागरीला मसाला दूध आटवताना तेवढा अर्धा तास तरी ते बंद ठेवा, एवढं मी दर वर्षी सांगतो.

तर त्याच वर्षी ५ ऑगस्टला चंद्र या थ्री-सी २७३च्या आडवा येणार होता. चंद्राची कड कोणत्या क्षणी कुठे असते, हे गणिताने चोख ठाऊक असतं. म्हणजे आवाज ज्या क्षणी बंद पडेल, त्या क्षणी स्रोत चंद्राच्या एका कडेवर. आवाज परत सुरू होईल, तेव्हा दुसऱ्या कडेवर. या दोन कडा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे त्याचं घर. पुन्हा सांगतो : आवाज कधी बंद झाला आणि कधी सुरू झाला, एवढ्या दोन वेळा हव्या होत्या.

सिरिल हॅझर्ड या शास्त्रज्ञाने हे ऑस्ट्रेलियात पार्क्स गावच्या दुर्बिणीवरून करायचं ठरवलं. मेंढपाळांचा मुलूख, आणि मधोमध ६४ मीटर रुंदीची ताटली. अडचण एकच. ती ताटली ठरावीक मर्यादेखाली झुकत नसे आणि चंद्र तर मावळतीकडे कलत चाललेला. दुर्बिणीचे प्रमुख जॉन बोल्टन. त्यांनी काय केलं, हे तिथले लोक अजून सांगतात. ताटलीला अडवणारे सुरक्षेचे खिळे-बोल्ट काढले. वाटेत येणारं कापलं. आणि एवढं अवजड यंत्र मर्यादेच्या खाली नेलं.

यापुढचा भाग मला सगळ्यांत प्रिय आहे. गावच्या रेडिओ केंद्राने तासन्‌तास लोकांना विनंती केली, म्हणे : अमुक वेळेत कोणीही आपला ट्रान्समीटर चालवू नका. दुर्बिणीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर माणसं उभी केली, जवळपास मोटारही फिरकू नये म्हणून. रेडिओने लोकांना सांगितलं, थोडा वेळ गप्प राहा, आकाशाला बोलू द्या. मी इतकी वर्षं या माइकसमोर बसतो, श्रोतेहो, रेडिओचा याहून सुंदर उपयोग मला माहीत नाही.

आवाज बंद पडला, परत आला. कागदावरची नोंद बोल्टन आणि हॅझर्ड यांनी सिडनीला नेली, तीही दोन प्रती करून, दोन वेगवेगळ्या विमानांतून. एखादं विमान पडलं तरी नोंद वाचावी म्हणून. नोंदीवरून कळलं की स्रोत जोडस्रोत आहे आणि त्यातला एक बरोबर एका निळसर, तेराव्या प्रतीच्या, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ताऱ्यावर बसतो.

मग ५ फेब्रुवारी १९६३. कॅलिफोर्नियात खगोलशास्त्रज्ञ मार्टिन श्मिट त्या ताऱ्याचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाची रंगांत केलेली फोड, घेऊन बसले होते. रेषा कशाशीच जुळेनात. एकाएकी लक्षात आलं की त्या आपल्या ओळखीच्या हायड्रोजनच्याच आहेत, फक्त सोळा टक्के लाल बाजूला सरकलेल्या. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे रेषा जितक्या लालकडे सरकलेल्या, तितकी वस्तू दूर. म्हणजे तो तारा नव्हताच. आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडचं काही, तरीही इतकं तेजस्वी. ताऱ्यासारखं दिसतं म्हणून अशा वस्तूंना पुढे क्वेसार म्हणू लागले.

एवढी ऊर्जा येते कुठून, ते थोडक्यात सांगतो. मधोमध कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर. हा शब्द मला पटत नाही, कारण विवर म्हटलं की पोकळी डोळ्यांपुढे येते आणि इथे तर ठासून भरलेलं वस्तुमान आहे. त्याच्याभोवती वायू गरगरत आत ओढला जातो आणि घासून तापतो. गिरणीतून आणलेलं पीठ हाताला गरम लागतं ना, तसं. काही क्वेसारांतून दोन बाजूंना झोत सुटतात. त्यांतले इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओलहरी फेकतात. लक्षात ठेवा, खरखर कृष्णविवराच्या आतून येत नाही, ती बाहेरच्या झोतांतून येते. आणि रेडिओत असे गरजणारे क्वेसार दहांत एखादाच.

चंद्राच्या या निरीक्षणावरचा हॅझर्डांचा लेख १९६३मध्ये अमेरिकेत एका भारतीयाने वाचला, गोविंद स्वरूप यांनी. वाचता वाचताच त्यांना सुचलं की दक्षिण भारतात उतरत्या डोंगरावर लांबलचक दुर्बीण बांधली तर चंद्राचा हा उपाय शेकडो स्रोतांना लावता येईल. तीच उटीची दुर्बीण, ५३० मीटर लांब, १९७०मध्ये सुरू झाली. पुढे त्यांनीच नारायणगावजवळ खोडदला तीस ताटल्या उभ्या केल्या, प्रत्येक ४५ मीटरची. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे प्रदर्शन असतं. पुण्याला नातेवाइकांकडे जाणार असाल तर मुलांना घेऊन नक्की जा. आणि ताटल्यांजवळ जाताना मोबाइल बंद करा.