रेशनिंगच्या लंडनमधले गुन्हेपट

नमस्कार श्रोतेहो.

जुने गुन्हेपट म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. मी आज बोलणार आहे ते १९४७ सालच्या लंडनबद्दल. युद्ध जिंकून दोन वर्षं झाली होती आणि लोक कूपनं घेऊन पावासाठी रांगेत उभे होते. ऐन युद्धात मोकळा मिळणारा पाव १९४६ च्या जुलैत रेशनवर गेला. कपडे, मांस, साखर तर आधीपासूनच. अशा गावात काळाबाजार फोफावला नाही तरच नवल! त्या काळचे ब्रिटिश गुन्हेपट या टंचाईतूनच आले, असं माझं मत आहे.

अल्बर्टो कॅव्हलकँटी यांचा 'दे मेड मी अ फ्युजिटिव्ह' घ्या. त्यातला क्लेम मॉर्गन युद्धात वैमानिक होता. शांततेत त्याला करमेना, म्हणून तो काळाबाजारवाल्यांच्या टोळीत शिरतो. टोळीचं दुकान कसलं, तर अंत्यविधीच्या सामानाचं. चोरटा माल शवपेट्यांतून फिरतो, आणि शवपेटी उघडून बघणार कोण?

पण माझा खरा जीव जडला आहे तो रॉबर्ट हॅमर यांच्या 'इट ऑलवेज रेन्स ऑन संडे'वर. हाही १९४७ चाच. लंडनच्या ईस्ट एंड या कामगारवस्तीतल्या बेथनल ग्रीनमधला एक रविवार. घरात रोज नावाची गृहिणी, तिचा वयस्क, सरळमार्गी नवरा, त्याच्या दोन वयात आलेल्या मुली आणि या दोघांचा धाकटा मुलगा. आणि परसातल्या बॉम्बहल्ल्याच्या निवाऱ्यात डार्टमूरच्या तुरुंगातून पळालेला टॉमी, रोजचा एकेकाळचा प्रियकर. ती त्याला वर झोपायच्या खोलीत दडवते आणि खाली येऊन रविवारच्या जेवणाच्या तयारीला लागते. प्रत्येकाला नेमकं त्याच वेळी वर काहीतरी हवं असतं. चाळीत वाढलेल्यांना यातली धाकधूक वेगळी समजावून सांगायला नको.

एक प्रसंग नीट बघा. विकून चार पैसे होतील म्हणून रोज त्याला एक अंगठी देते. कधीकाळी त्यानेच दिलेली, तिने इतकी वर्षं जपलेली. त्याला ती ओळखूसुद्धा येत नाही! पिस्तूल नाही, मारामारी नाही, पण सबंध चित्रपटात याहून क्रूर काही घडत नाही.

रोजची भूमिका करणारी गूगी विदर्स जन्मली १९१७ साली कराचीत, म्हणजे तेव्हाच्या आपल्या मुंबई इलाख्यातच. टॉमी झालेल्या जॉन मॅकॅलमशी तिने पुढच्याच वर्षी खरोखरचं लग्न केलं आणि तो संसार टिकलाही. शेवटचा रेल्वे यार्डातला रात्रीचा पाठलाग टिपला डग्लस स्लोकोम यांनी. इंडियाना जोन्सचे पहिले तीन चित्रपट टिपणारे तेच.

'द थर्ड मॅन' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तो १९४९ चा, कॅरल रीड यांचा, व्हिएन्नात घडणारा. तिथेही काळाबाजारच आहे, पण भेसळ केलेल्या पेनिसिलिनचा. थोर आहे, प्रश्नच नाही. तरी नव्याने बघणाऱ्यांनी सुरुवात बेथनल ग्रीनपासून करावी. व्हिएन्नाच्या गटारांत नंतरही उतरता येईल.

नमस्कार.