देवी आल्या, देवी टोचल्या

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? आज मला माझ्या आज्जीच्या तोंडावरच्या देवीच्या रोगाच्या वणांबद्दल बोलायचंय. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं, आणि आज्जीच्या वयाच्या माणसांत असे वण गल्लोगल्ली दिसायचे, त्यामुळं आम्हा पोरांना त्यात काही वेगळं वाटायचंच नाही.

देवीला रोग म्हणायचं नाही. पोराच्या अंगावर फोड उठले की "देवी आल्यात" म्हणायचं, आणि मग घरात फोडणी बंद, तळण बंद, दाराला कडुलिंबाचा टाळा, पाहुणा आला तर अंगणातूनच माघारी. लिंबाच्या पाल्यानंच वारा घालायचा, खपल्या पडल्या की न्हाऊ घालायचं, मग दहीभाताचा नैवेद्य आणि देवीची ओटी. याला सरसकट अडाणीपणा म्हणायला माझं मन धजत नाही, कारण तो टाळा बघून शेजारपाजारचे लांब राहायचे, आणि माणसाजवळ माणूस गेल्यानंच पसरणारा तो रोग होता. औषध नव्हतंच, 10 जणांना झाला तर त्यातले 3 जण तरी जायचे.

पण याच श्रद्धेनं आमच्या घरातलं एक माणूस नेलं. लस टोचून घेतली तर देवी कोपते, असं गावात ठाम बोललं जायचं, त्यामुळं टोचणीवाला वेशीत आला की बाया लेकरं लपवायच्या. 1950 नंतरची गोष्ट, आज्जीनं माझ्या थोरल्या आत्याला धान्याच्या रिकाम्या कणगीत बसवलं, वर पोतं टाकलं, आणि तो पुढं गेल्यावर बाहेर काढलं. पुढच्या उन्हाळ्यात आत्याला देवी आल्या. टाळा बांधला, फोडणी बंद केली, सगळं केलं. ती राहिली नाही. आपल्या देशात पहिली लस 1802 साली मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली होती, म्हणजे आत्या गेली तेव्हा दीडशे वर्षं ही लस इथंच होती, आणि हे कळल्यापासून मला फार वाईट वाटतं.

आज्जी मात्र म्हणायची, "देवीनं न्हाय नेली गं तिला, माझ्या कणगीनं नेली."

त्यानंतर टोचणीवाला आला तेव्हा माझ्या वडलांना काखेत घेऊन ती आपणहून शाळेत गेली, सासूनं अबोला धरला तरी गेली. वडलांच्या दंडावर तो गोल वण अजून आहे. आणि गंमत बघा, लोक काय म्हणायचे, तर "देवी टोचून घेतल्या"! रोगाचं नाव देवी आणि लसीचंही देवीच. मला वाटतं त्या एका शब्दामुळंच कितीतरी आयांना देवीला न सोडता सुईपुढं लेकरू धरता आलं.

शेवटी शेवटी तर देवीचा रोगी कळवणाऱ्याला सरकार 1000 रुपये बक्षीस देत होतं, शेतमजुराची कित्येक महिन्यांची मजुरी झाली ती. 1975 ला देशातला शेवटचा रोगी सापडला, 1980 ला जगातनंच देवी गेल्याचं जाहीर झालं.

आज्जीनं शितळासप्तमी मात्र सोडली नाही. श्रावणात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं गार खायचं, आणि सगळी जेवायला बसली की ती एक पान जास्तीचं वाढायची, दहीभाताचं, लहान मुलाला पुरेल एवढंच. आज्जी आता नाही. पान आई वाढते.